पावसाळा लागला की जेआरडी टाटांची विमानं जुहू सोडून पुण्याला जायची, कारण...

वसई-विरारहून लोकल पकडून विलेपार्ल्याला उतरलात की जवळच जुहूचा विमानतळ आहे. 1932 साली तो म्हणजे समुद्राकाठचं चिखलाचं मैदान होता. त्या वर्षी 15 ऑक्टोबरला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आलेलं छोटं पस मॉथ विमान इथं उतरलं. वैमानिक होते जेआरडी टाटा.

29 जुलै 1904 ला पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना पंधराव्या वर्षीच विमानाचं वेड लागलं. 1929 मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

टपालसेवा सुरू झाली, पण जुहूत भरतीचं आणि पावसाचं पाणी साचायचं. ओल्या जमिनीवर चाकांची पकड सुटते, ब्रेक लागत नाही. मग विमान पट्टी सोडून बाजूला घसरतं, एखादं चाक रुतलं तर कलंडतं. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर भर पावसात एक लिअरजेट असंच घसरलं. सुदैवाने आतले आठही जण वाचले.

जेआरडींनी पावसाशी पैज लावली नाही. पावसाळ्यात सगळं बिऱ्हाड पुण्यात, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलायचं.

याच सेवेची पुढे 1946 मध्ये एअर इंडिया झाली. 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, जेआरडींनी पुन्हा कराचीहून उड्डाण केलं आणि विमान जुहूलाच उतरवलं.

29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. विमान कुठं उतरवायचं नाही, हे कळणं हाही वैमानिकाचा गुण असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.