डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : एका ऋणाची परतफेड

रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या आपल्या लेकराला घेऊन दूरदूरच्या गावांतील आईवडील मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतात. तेथील दीर्घ उपचारांत मेथोट्रेक्सेट नावाच्या औषधाला महत्त्वाचे स्थान आहे. संधिवाताच्या अनेक रुग्णांनाही आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या याच पिवळसर गोळ्या परिचित आहेत. परंतु या औषधाच्या जन्मामागे आपल्याच देशातील एका संशोधकाचे आयुष्य उभे आहे, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या संशोधकाचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शाळकरी वयातच घरातून पळून जाऊन वाराणसीला यात्रेकरूंना केळी विकावीत आणि श्रीमंत व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आईने त्यांना परत आणले. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे संन्यास घेऊन रामकृष्ण मिशनमध्ये जाण्याची ओढ त्यांना लागली. आईची संमती नव्हती, आणि मिशनच्या साधूंनीही त्यांना वैद्यक शिकून रुग्णसेवा करण्याचा सल्ला दिला. अशा रीतीने ते मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

याच तरुण वयात त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. संग्रहणीच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले. अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होत जाते आणि धडधाकट माणूस डोळ्यांदेखत झिजतो, असा हा आजार. त्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आपल्या सख्ख्या भावांसाठी काहीही करता आले नाही. ही हतबलता त्यांनी जन्मभर मनात बाळगली.

शिक्षणातही अडथळे आलेच. गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घातला. इंग्रज प्राध्यापकांची त्यामुळे खप्पामर्जी झाली आणि त्यांना पूर्ण पदवीऐवजी एल.एम.एस. या कमी दर्जाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविले. त्यानंतर सासऱ्यांच्या आणि एका धर्मादाय निधीच्या मदतीने ते अमेरिकेस निघाले. काही वर्षांत परत येईन, असे तरुण पत्नी शेषगिरी हिला त्यांनी सांगितले होते. ते परतणे कधीच घडले नाही. त्यांचा मुलगा तान्हेपणीच गेला. ज्ञानाच्या या वाटचालीची किंमत घरी राहिलेल्या एका स्त्रीनेही मोजली, हे विसरून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही.

बोस्टनमध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात उष्णकटिबंधीय रोगांचा अभ्यास केला. पोट भरण्यासाठी एका रुग्णालयात रात्रपाळीत रुग्णांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करण्याचे काम त्यांनी पत्करले. पुढे सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधून काढली. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी स्वीकारली. स्नायूंना शक्ती पुरविणाऱ्या फॉस्फोक्रिएटिन व एटीपी या द्रव्यांचा शोधही त्यांच्या नावावर आहे. एवढे होऊनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषधनिर्मिती संस्थेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

येथे मुंबईचा एक धागा या कथेत गुंफला जातो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना होणारा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांना आढळले. मात्र अर्कातील नेमके द्रव्य कोणते, हे तेव्हा उमगले नव्हते. ते द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्लेच्या संशोधकांनी १९४५ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार केले. गरोदर मातांना आज दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत तेच असते. संग्रहणीच्या रुग्णांचा रक्तक्षयही त्याने भरून येऊ लागला. ज्या रोगाने भाऊ नेले, त्यावरचे औषध असे हाती आले. परंतु भावांना जाऊन तोवर पाव शतक उलटले होते.

पुढचे पाऊल अधिकच विलक्षण होते. बोस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर ल्युकेमियाने आजारी असलेल्या मुलांवर उपचार करीत होते. त्या काळी हे निदान म्हणजे काही आठवड्यांत वा महिन्यांत येणारा मृत्यूच होता. फॉलिक आम्लाच्या वर्गातील द्रव्ये दिली असता रोग उलट बळावतो, असे फार्बर यांना जाणवले. पेशींना वाढण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. मग त्याच्यासारखीच दिसणारी, पण पेशीला फसवून तिची वाढ रोखणारी द्रव्ये दिली तर? सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी अशी द्रव्ये तयार केली. त्यांतील अमिनोप्टेरिन हे द्रव्य फार्बर यांनी १६ मुलांना दिले व त्यांतील १० मुलांचा आजार काही काळ ओसरला. जून १९४८ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. रोग पुन्हा उलटला, हे खरे. तथापि औषधाने तो मागे हटू शकतो, हे प्रथमच दिसून आले होते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटने १९५६ मध्ये कोरिओकार्सिनोमा हा गर्भारपणाशी संबंधित दुर्मिळ कर्करोग बरा झाला. बालकांमधील सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियातून आज प्रगत देशांतील दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

सुब्बाराव यांच्या कारकिर्दीतच बेंजामिन डगर यांनी लेडर्लेमध्ये ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविक शोधले. हत्तीरोगावरील डीईसी हे औषधही तेथेच १९४७ मध्ये पुढे आले. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचार मोहिमेत घरोघरी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत हेच औषध असते. पाय सुजलेला नाही म्हणून अनेकजण ती गोळी बाजूला ठेवून देतात. वास्तविक, रोग दिसू लागण्याआधी घेण्यातच तिचे सार्थक आहे.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. फार्बर यांचा वृत्तांत प्रसिद्ध होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नाही. प्रसिद्धीपासून ते दूर राहत आणि श्रेय सहकाऱ्यांकडे जाऊ देत. भारत सरकारने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल तिकीट काढून त्यांचे स्मरण केले.

आपल्या भावांना ते वाचवू शकले नाहीत. ज्यांची नावेही त्यांना कधी कळणार नव्हती, अशा असंख्य घरांतील भावंडे मात्र त्यांच्या श्रमांमुळे वाचली. रुग्णालयातून बरे होऊन आलेले एखादे मूल आपल्या शेजारी पुन्हा शाळेत जाऊ लागले, तर त्याच्या आईवडिलांना या माणसाची गोष्ट आपण अवश्य सांगावी.