सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि खानदेशचें पाणी

पिंप्राळ्याच्या शिवारांत पाटाचें पाणी वाहतांना आपण पाहतों. काठाशीं तें मंद चालतें, मध्यें वेगानें धांवतें, कोठें भोंवरा धरतें. शेतकरी मात्र एवढेंच पाहतो कीं, शेवटच्या वाफ्यास तें किती व केव्हां पोंचेल. स्थापत्यशास्त्रांतही हीच रीत आहे. प्रवाहाच्या प्रत्येक छेदांतील सरासरी वेग धरावयाचा आणि लांबीच्या एकाच दिशेनें काय बदलतें तें पाहावयाचें. या विद्येंत निष्णात असलेल्या एका थोर पुरुषानें सेवेच्या आरंभींच्या काळांत आपल्या भागांत काम केलें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी या खेड्यांत झाला. लहानपणींच पितृछत्र हरपलें. शिकवण्या करून त्यांनीं बंगळूर येथें १८८१ सालीं बी. ए. ची पदवी मिळविली. पुढें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत स्थापत्याचें शिक्षण घेऊन १८८३ च्या परीक्षेंत पहिला क्रमांक पटकाविला. १८८४ सालीं ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनिअर झाले.

पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून नळानें पाणी पलीकडे नेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. धुळें भागांतील दातर्ती गांवाशीं या सायफनचें नांव जोडलें जातें. असा नळ पात्राखालीं उतरून पलीकडे वर चढतो. बाहेर पडण्याचें तोंड आंत शिरण्याच्या तोंडापेक्षां खालच्या पातळीवर असलें, तर पाणी आपोआप वाहतें. मधली खोली त्यास अडवीत नाहीं. पातळींतील तेवढा फरक घर्षणांत व वळणांत खर्ची पडतो. नळ भरून वाहत असतां छेदाचें क्षेत्रफळ व सरासरी वेग यांचा गुणाकार सर्वत्र सारखाच राहतो. क्षेत्रफळ निम्में केलें कीं वेग दुप्पट होतो. वेग फार कमी झाला तर मात्र गाळ बसून नळ बुजतो.

हें गणित एका रेषेचें; नदी मात्र एका रेषेंत राहत नाहीं. पावसाळा आला, पूर आले, वाळूनें कामांत विघ्न आणलें. पाऊस सरेपर्यंत काम थांबवावें, अशी सूचना तरुण अधिकाऱ्यानें केली. ती वरिष्ठांस रुचली नाहीं. तेव्हां वाद न वाढवितां त्यांनीं तें काम हातीं घेऊन तडीस नेलें.

गणितानें काय सोडलें आहे याचें भान त्यांनीं पुढेंही राखलें. पुण्याजवळील खडकवासला धरणावर १९०३ सालीं त्यांच्या योजनेचीं स्वयंचलित दारें बसलीं. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं दारें आपोआप उघडत व पूर ओसरला कीं मिटत. १९०८ सालीं मुसी नदीच्या महापुरानें हैदराबादेंत हजारों माणसें दगावलीं. तेव्हां शहरांत केवळ नदीचा कांठ उंच न करितां वरच्या बाजूस जलाशय बांधून पूर रोखावा, असा सल्ला त्यांनीं दिला. म्हैसूरचें कृष्णराजसागर धरण त्यांच्याच प्रयत्नांनीं उभें राहूं लागलें. १९१२ पासून १९१८ पर्यंत ते त्या संस्थानचे दिवाण होते. १९५५ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला आणि वयाचीं शंभर वर्षें ओलांडून १९६२ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, कठीण प्रश्न सोपा करून मांडणें हें शास्त्र होय; परंतु सोपा करतांना आपण काय बाजूस ठेविलें तें न विसरणें, हें त्याहून मोठें शहाणपण होय. त्या विस्मरणाची किंमत नदीकांठच्या माणसांस मोजावी लागते.