प्लेगच्या गाठीवर औषध शोधणारे सोखी

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि रेल्वेच्या वाटेने ठाणे-कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याण स्थानकावर उतारूंना गाडीतून उतरवून डॉक्टर त्यांच्या काखा-जांघा तपासत. हाफकिन यांची लस १८९७मध्ये आली, पण ती रोग होऊ नये म्हणून. गाठ आलेल्या रोग्याला देण्यासारखे खात्रीचे औषध पुढची चाळीस वर्षे नव्हते. ते परळच्या हाफकिन संस्थेत ज्यांच्या कारकिर्दीत पारखले गेले, ते मेजर जनरल साहिबसिंग सोखी.

१८८७ साली अमृतसरला जन्मलेले सोखी एडिंबरा येथे शिकून इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९३२मध्ये ते हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. लस बनवणाऱ्या या संस्थेत त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्राला मानाचे स्थान दिले. त्यांच्या पत्नी म्हणजे प्रसिद्ध कथक नर्तकी मेनका. खंडाळ्यात त्यांनी काढलेले नृत्यालय अनेकांना ठाऊक असते. सोखी मात्र विस्मरणात गेले.

१९३५मध्ये जर्मनीतील डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा जंतुनाशक गुण जाहीर केला. शरीरात त्याचे विघटन होऊन सल्फानिलामाइड तयार होते, तेच खरे औषध, हे लगेच उमगले. मग त्या रेणूला निरनिराळी वलये जोडण्याची चढाओढ लागली. थायाझोलचे वलय जोडले की होते सल्फाथायाझोल. परळला के. गणपती ही संयुगे तयार करीत होते. त्यांच्यासह पी. एम. वागळे, भा. बा. दीक्षित आणि सोखी यांनी १९४१मध्ये प्लेगवरील रासायनिक उपचारांचा निबंध प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक रोगी ज्यात दगावत, त्या रोगात मृत्यू लक्षणीय घटले. जंतूंना फॉलिक आम्ल स्वत: बनवावे लागते आणि त्यासाठी लागणाऱ्या द्रव्याची जागा हे औषध फसवून घेते. माणसाला ते आम्ल अन्नातून मिळत असल्याने घाव बसतो तो जंतूवरच. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने या औषधाला मागे टाकले.

औषध बनवता येते, पण बनवण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न सोखींना अस्वस्थ करीत असे. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे ते अध्यक्ष होते. औषधी द्रव्यांवर कोणत्याही व्यक्तीचा वा कंपनीचा, मग ती देशी असो वा परदेशी, पेटंटहक्क नसावा, अशी शिफारस या उपसमितीने केली. सरकारी नोकरीतील, पुढे ‘सर’ झालेल्या अधिकाऱ्याने हे मांडावे, ही साधी गोष्ट नव्हती. नंतर जागतिक आरोग्य संघटनेत आणि राज्यसभेतही त्यांनी काम केले.

१९७०मध्ये संसदेने औषधाच्या रेणूवरील पेटंट रद्द करून केवळ प्रक्रियेवरील पेटंट ठेवणारा कायदा केला. ऑक्टोबर १९७१मध्ये सोखी निवर्तले; कायदा अमलात आला २० एप्रिल १९७२ रोजी. त्यानंतर निराळ्या प्रक्रियेने तीच औषधे बनवण्याची वाट भारतीय कारखान्यांना मोकळी झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मिती वाढली. सोखींना हवे होते सरकारी कारखाने. वाढले ते मुख्यत्वे खासगी. रेणूवरील पेटंट २००५मध्ये पुन्हा लागू झाले.