ज्यूल, मामांचं गॅरेज आणि जळकं तेल

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. या सदरात दरवर्षी विश्वेश्वरय्या नाहीतर कलाम असतात. यंदा मी अशा माणसाबद्दल लिहितेय, ज्याचं नाव आपण प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिहितो. नाही लिहिलं तर अर्धा मार्क जातो. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

त्याची आठवण झाली ती टेमघरला, मामांच्या गॅरेजमध्ये. कल्याण रोडवरचं साधं पत्र्याचं गॅरेज. गेल्या मे महिन्यात एका शेठची वीस वर्षं जुनी परदेशी जीप टो करून आणली. ऑटोमॅटिक गिअर, चारही चाकांना ड्राइव्ह, आत लेदरच्या सीटा. घाट चढून आली आणि राजनोली नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, तिथेच गिअर धरेना. मामांनी डिपस्टिक काढून नाकाशी धरली. लाल असायला हवं ते तेल काळपट तपकिरी, करपलेल्या वासाचं. शेठचं म्हणणं, ड्रायव्हरने गाडी जाळली, खर्च त्याच्या पगारातून कापणार. ड्रायव्हरकाका कोपऱ्यात गप्प उभे. मामा माझ्याकडे वळून म्हणाले की तू इंजिनिअर होणार ना, मग सांग, ही उष्णता आली कुठून? मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असून मला धड सांगता आलं नाही. रात्री थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच धड्यात हे गृहस्थ भेटले.

ज्यूलचा जन्म 24 डिसेंबर 1818 चा, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा. वडिलांची बीअरची भट्टी होती. पोरगा तब्येतीने नाजूक, लाजाळू, शिकवणी घरीच. पण शिकवायला कोण, तर अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टन! कॉलेजची डिग्री ज्यूलने कधीच घेतली नाही. भट्टीच्या धंद्यात तापमानाला फार महत्त्व, एखादा अंश इकडे तिकडे झाला की माल बिघडतो. बारीक थर्मामीटर वाचायची नजर त्याला तिथेच मिळाली असावी, असं मला वाटतं.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ उष्णतेला एक प्रकारचा पदार्थ मानत. ती एका वस्तूतून दुसरीत वाहते, नव्याने तयार होत नाही. ज्यूलला हे पटेना. 1843 मध्ये त्याने कॉर्कच्या सभेत सांगितलं की यांत्रिक कामातून उष्णता तयार होते आणि तिचा भाव ठरलेला आहे. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याचा निबंध पूर्ण छापलाही नाही. भट्टीवाल्याचा मुलगा अंशाच्या शंभराव्या भागाच्या गोष्टी करतोय, यावर कोण विश्वास ठेवणार?

मग त्याने तो प्रसिद्ध प्रयोग केला. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात वल्ह्यांसारखी पाती, दोरीला वजनं. वजन खाली आलं की पाती फिरतात आणि पाणी घुसळलं जातं. 1850 मध्ये छापलेल्या प्रयोगांत वजनं वीसवेळा खाली सोडायची, तेव्हा कुठे पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट तापायचं. घरात कुणी दार उघडलं तरी आकडा बिघडेल असं काम. आपल्या लॅबमध्ये आम्ही रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो, ते इथे न लिहिलेलंच बरं.

पाण्याऐवजी त्याने पारा घुसळला, देवमाशाचं तेलही घुसळलं. हे वाचून मी उठूनच बसले, कारण अमेरिकेत 1970 च्या सुमारापर्यंत ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात तेच देवमाशाचं तेल मिसळत असत! आणि त्या गिअरबॉक्सच्या तोंडाशी असतो टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, तो तेल दुसऱ्यावर फेकतो आणि दुसरा फिरतो. दोघांच्या वेगात फरक पडला की तेल नुसतं घुसळलं जातं. ज्यूलचंच भांडं, फक्त वजनांच्या जागी अख्खं इंजिन. घाटात इंजिन 60 किलोवॅट देतंय आणि त्यातले 15 टक्के तेलात जिरतात असं धरलं, तर 9 किलोवॅट झाले. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या बाथरूमसारखे चार-पाच गीझर गाडीखाली चालू. ही उष्णता ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी होणारच. ती बाहेर काढायला तेल नळीने रेडिएटरमधल्या कूलरपर्यंत जातं आणि थंड होऊन परत येतं.

सकाळी मी हे मामांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, कूलरची परतीची नळी सोडून बाटलीत धरली आणि इंजिन चालू केलं. धार यायला हवी होती, थेंब थेंब आलं. जुन्या गाळाने कूलर आतून चोंदला होता.

ज्यूलचं पुढे काय झालं ते राहिलं. 1847 च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं. पण ऐकणाऱ्यांत विल्यम थॉमसन नावाचा तरुण प्राध्यापक होता, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन. त्याला आधी पटलं नाही, पण विषय डोक्यातून जाईना. त्याच वर्षी ज्यूलचं लग्न झालं आणि म्हणतात की हनिमूनला आल्प्समध्ये तो धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजायला निघाला होता. आपण माळशेजला नुसते भिजायला जातो! तुषारांमुळे मोजता आलं नाही. बायकोला काय वाटलं असेल, हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. ती बिचारी 1854 मध्ये वारली, मागे दोन मुलं. भट्टीही त्याच वर्षी विकली.

जर्मन डॉक्टर मायर याने हाच विचार 1842 मध्येच मांडला होता आणि श्रेयावरून पुढे बरीच भांडणं झाली. मायर आधीचा हे खरं, पण मोजण्याची चिकाटी ज्यूलची. उतारवयात पैसे संपले, तेव्हा 1878 पासून सरकारने वर्षाला 200 पौंड पेन्शन दिलं. 1889 मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव दिलं आणि त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला तो गेला. त्याच्या थडग्यावर 772.55 हा आकडा कोरलाय. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारे फूट-पौंड.

मामांनी जीपचा गिअरबॉक्स खोलून जळालेल्या क्लच प्लेटा बदलल्या, नवीन तेल भरलं आणि एसीच्या जाळीपुढे वेगळा ऑइल कूलर बसवला. ट्रॅफिकमध्ये ड्राइव्हला ठेवून ब्रेक दाबून बसू नका, न्यूट्रल करा आणि इंजिन चालू ठेवा, म्हणजे पंप तेल फिरवत राहतो, हेही काकांना सांगितलं. ती सवय त्यांना नव्हती, तेवढी चूक त्यांची. शेठला मी कागदावर आकडेमोड दाखवली. ती त्यांनी वाचली नाही, बाटलीतलं तेल मात्र बराच वेळ पाहिलं. पगार कापला नाही. नंतर स्कॅनर लावून आम्ही राजनोली नाक्यापर्यंत चक्कर मारली. चाळीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये होतो, तेलाचा आकडा 92 अंशांच्या वर गेला नाही. सेल्सिअस बरं का!