जॉन बी. गॉफ : मद्यपाशांतून सुटलेला एक वक्ता

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांची बहुधा अशी समजूत होते कीं, हे लोक लहानपणापासूनच कांहीं निराळ्या मातीचे घडलेले असावेत. ह्या समजुतीस उत्तर म्हणून आम्हीं ह्या वर्षीं जॉन बार्थोलोम्यू गॉफ ह्या गृहस्थांचें चरित्र निवडलें आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड व अमेरिका ह्या दोन्ही देशांत मद्यपाननिषेधाचे वक्ते म्हणून त्यांचें नांव घरोघरीं ठाऊक होतें. परंतु ऐन पंचविशींत हेच गृहस्थ फाटक्या कपड्यांनिशीं रस्त्यानें भटकत होते, आणि त्यांचे हात असे कांपत कीं पेला धरणेंही कठीण जाई.

जॉनचा जन्म ता. २२ ऑगस्ट १८१७ रोजीं इंग्लंडांतील केंट परगण्यांत सँडगेट ह्या समुद्रकांठच्या खेड्यांत झाला. बाप लष्करांतला जुना शिपाई. स्पेनमधील युद्धांत लढून आलेला व तुटपुंज्या पेन्शनीवर संसार चालविणारा. आई गांवांत मुलांस शिकवीत असे. मुलाचें वाचन फार गोड होतें, व उन्हाळ्यांत हवा खाण्यास येणारे लोक त्याच्याकडून वाचून घेत. एके दिवशीं त्याच्या आईनें आपल्या हातची लेस विकण्याकरितां साडेआठ मैल पायीं डोव्हर गांठलें, पण एकही तुकडा न विकतां ती तशीच परत आली. घरांत पैसा नव्हता. त्याच दिवशीं जॉनला वाचनाबद्दल साडेपांच शिलिंग मिळाले होते. ते त्यानें आईच्या हातीं ठेविले. ह्या मुलाचें अंत:करण मुळांत कसें होतें हें पुढील हकीकत वाचतांना विसरूं नये, म्हणून ही गोष्ट आम्हीं मुद्दाम येथें दिली आहे.

गांवांत मुलास कांहीं भवितव्य दिसेना, तेव्हां १८२९ सालीं अमेरिकेस जाणाऱ्या एका कुटुंबास दहा गिनी देऊन बापानें बारा वर्षांच्या जॉनला त्यांच्या स्वाधीन केलें. करार असा कीं, त्यांनीं त्याला एखादा धंदा शिकवावा. प्रत्यक्षांत न्यूयॉर्क संस्थानांतील एका शेतावर दोन वर्षें राबण्यापलीकडे त्याला कांहींच मिळालें नाहीं. शेवटीं १८३१ च्या डिसेंबरांत तो खिशांत अर्धा डॉलर घेऊन न्यूयॉर्क शहरांत उतरला व पुस्तकबांधणीचें काम शिकूं लागला. १८३३ सालीं आई व बहीण त्याच्याकडे येऊन राहिल्या. पण त्याच हिंवाळ्यांत काम सुटलें, जळण व अन्न दोन्हींची ददात पडली, आणि पुढील वर्षाच्या जुलैंत आई एकाएकीं वारली. तिला भिकाऱ्यांच्या स्मशानांत पुरण्यांत आलें. प्रेताच्या गाडीमागें मुलगा व मुलगी एवढींच दोघें चालत होतीं.

ह्या दु:खांत त्याला जो आधार सांपडला तो सोबत्यांचा. तो गाणीं उत्तम म्हणे, नकला उत्तम करी, आणि अशा तरुणास पेला भरून देणारे मित्र कोठेंही मिळतात. कामावरून तो नाटकगृहांत गेला, नाटकगृहांतून गुत्त्यांत. कधीं विनोदी गाणीं म्हणून, कधीं हातचा धंदा करून मिळालेलें सारें मद्यांत घालवूं लागला. १८३८ सालीं त्यानें न्यूबरीपोर्ट येथें लग्न केलें. संसार सुधारेल ही आशा व्यर्थ ठरली. थोड्याच वर्षांत पत्नी व तान्हें मूल दोन्हीं दगावलीं, आणि वुस्टर गांवीं हा माणूस मद्योन्मादानें पछाडलेला, मालकांच्या दयेवर जगणारा असा एकटा उरला. आत्महत्येचा विचारही त्याच्या मनांत येऊन गेला होता.

येथें थोडें थांबून वॉशिंग्टनियन मंडळीची हकीकत सांगितली पाहिजे. १८४० च्या एप्रिलांत बाल्टिमोर शहरांत चेस नांवाच्या गुत्त्यांत नेहमीं जमणाऱ्या सहा पिणाऱ्यांनीं आपसांत ठरविलें कीं, यापुढें मद्यास शिवावयाचें नाहीं. त्यांत शिंपी, सुतार, लोहार, चांदीकाम करणारा असे कसबी लोक होते; विद्वान किंवा उपदेशक एकही नव्हता. त्यांनीं जॉर्ज वॉशिंग्टनच्या नांवानें मंडळ काढलें. त्यांची रीत अगदीं साधी होती. प्रत्येक सभेस यावयाचें, येतांना एखादा पिणारा सोबती घेऊन यावयाचें, आणि व्याख्यान न देतां स्वत:वर काय गुदरलें व आपण कसे सुटलों तेवढेंच सांगावयाचें. त्यापूर्वींच्या मद्यपाननिषेधक संस्था मुख्यत: न पिणाऱ्यांस जपत, पक्का मद्यपी हातचा गेला असेंच बहुतेक समजत. ह्या सहा जणांनीं तीच समजूत उलटी केली. इलिनॉय संस्थानांतील अब्राहम लिंकन ह्या तरुण वकिलानेंही १८४२ च्या फेब्रुवारींत त्यांच्या एका सभेपुढें भाषण करून ह्या रीतीचा गौरव केला होता.

१८४२ च्या ऑक्टोबर महिन्यांतील शेवटच्या रविवारीं संध्याकाळीं जॉन वुस्टरच्या रस्त्यानें जात असतां कोणींतरी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेविला. तो जोएल स्ट्रॅटन होता. गांवांतील एका मद्यविरहित हॉटेलांत वाढप्याचें काम करणारा मनुष्य. त्यानें जॉनला नांवानें हांक मारली, तूं सुटूं शकशील असें सांगितलें, आणि दुसरे दिवशींच्या सभेस येऊन प्रतिज्ञापत्रावर सही करण्याचें वचन घेतलें. कित्येक महिन्यांत त्याच्याशीं कोणी इतक्या आदरानें बोललें नव्हतें. सोमवारीं रात्रीं जॉन सभेस गेला, उभा राहून आपली कहाणी सांगितली, व कांपऱ्या हातानें सही केली.

सही केली म्हणजे मुक्तता झाली असें मात्र कोणी समजूं नये. शरीराला वर्षानुवर्षें मद्याची संवय जडली असतां तें एकदम बंद झालें म्हणजे कंप सुटतो, झोंप जाते, नाहीं नाहीं तीं भयंकर दृश्यें दिसतात; ह्यांत कित्येकदां प्राणही जातो. (म्हणूनच हल्लीं असें सोडणें वैद्याच्या देखरेखीखालीं व्हावें असें सांगतात.) गॉफ यांनीं ते दिवस एकट्यानें सोसले. परंतु पहिल्याच दिवसांत जेसी गुडरिच नांवाचे एक वकील त्यांच्या कामाच्या जागीं येऊन, सही केल्याबद्दल अभिनंदन करून, केव्हांही माझ्या कचेरींत या असें सांगून गेले. वकिलासारखा प्रतिष्ठित मनुष्य आपणांस घरीं बोलावतो, ही गोष्ट त्यांस औषधाहून उपयोगी पडली. पुढें गांवाबाहेरच्या एका शाळागृहांत बोलण्याची पाळी आली, तेव्हां अंगांतले कपडे इतके फाटके होते कीं त्यांनीं जुना ओव्हरकोट गळ्यापर्यंत बंद केला. जागा नेमकी पेटलेल्या शेगडीजवळ मिळाली. घामानें निथळत असतांही कोट काढण्याची सोय नव्हती!

पांच महिन्यांनंतर, १८४३ च्या वसंतांत, तें घडलें ज्याची सर्वांस भीति होती. प्रवास व भाषणें ह्यांनीं शिणलेले गॉफ बोस्टनला गेले, नाटकगृहांत जुने सोबती भेटले, आणि त्यांच्या संगतींत मद्य पोटांत गेलें. शुद्धीवर आल्यावर वुस्टरांतून कायमचें निघून जावें असें त्यांच्या मनानें घेतलें. कागदपत्रही जाळून टाकले. परंतु जाण्यापूर्वीं ते सभेपुढें गेले व घडलेलें सर्व कबूल केलें. सभेनें त्यांस हांकलून दिलें नाहीं. राहा, पुन: सही करा, असा आग्रह केला, व त्यांनीं पुन: सही केली. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील खरा कठीण प्रसंग हाच होय. पहिल्या सहीच्या वेळीं त्यांच्यापाशीं गमावण्यासारखें कांहींच नव्हतें. ह्या वेळीं नांव होतें, मित्र होते, आणि लपविण्याची वाटही मोकळी होती. एकदां घसरलेल्यास लाज वाटते, लाजेनें तो एकांत शोधतो, आणि एकांतांत पुन: पितो. ती सांखळी वुस्टरच्या लोकांनीं त्यांस आपल्यांत ठेवून तोडली.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मेरी व्हिटकॉम ह्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला, व ह्या बाई अखेरपर्यंत त्यांच्या कार्यांत सोबतीण राहिल्या. पहिल्या वर्षांतच त्यांचीं भाषणें ३६५ दिवसांत ३८३ झालीं. ते नकला करीत, हंसवीत, आणि हंसतां हंसतां सभा रडूं लागे. नाटकगृहांतली जुनी विद्या आतां अशी उपयोगास आली.

आणखी एक आघात १८४५ च्या सप्टेंबरांत झाला. न्यूयॉर्क शहरांत ते नाहींसे झाले व सुमारें आठवड्यानंतर एका बदनाम घरांत वाईट स्थितींत सांपडले. एका ओळखीच्या म्हणविणाऱ्या माणसानें दिलेल्या सोडावॉटरांत कांहीं मिसळलें होतें, असें त्यांचें म्हणणें होतें. वर्तमानपत्रांनीं त्यांस सोलून काढलें. बोस्टन येथील ज्या मंडळीचे ते सभासद होते तिनें चौकशी करून त्यांस जवळ ठेविलें. त्यानंतर उरलेल्या चाळीस वर्षांत त्यांनीं मद्यास स्पर्श केला नाहीं.

वॉशिंग्टनियन मंडळी मात्र फार टिकली नाहीं. सभांची नवलाई ओसरली, दारूबंदीचा कायदा करावा कीं नाहीं ह्या राजकीय वादांत सभासद दुभंगले, आणि १८५० पूर्वींच चळवळ बहुतेक ठिकाणीं थंडावली. तिचें बीज पुढें निराळ्या ठिकाणीं उगवलें. १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं बिल विल्सन व डॉक्टर बॉब स्मिथ ह्या दोन पिणाऱ्यांनीं एकमेकांस सांवरून 'अल्कोहॉलिक्स अनॉनिमस' ही संघटना सुरू केली. तिनें राजकारण व वादविवाद ह्यांपासून कटाक्षानें दूर राहण्याचा नियम केला. तिच्या सभा आज मुंबई, पुणें व गोवें येथेंही भरतात.

१८५३ सालीं गॉफ यांस लंडनच्या मद्यपाननिषेधक मंडळीनें सहा आठवड्यांसाठीं बोलाविलें. ते दोन वर्षें राहिले. १८५७ ते १८६० ते पुन: तेथें होते, पण ही सफर सुखाची झाली नाहीं. अमेरिकेंतील दारूबंदीचा कायदा कागदावरच राहिला असें त्यांनीं स्पष्ट लिहिल्यामुळें कायद्याचा पुरस्कार करणारे लोक रागावले. त्यांच्यावर नशेचा आरोपही करण्यांत आला, व १८५८ सालीं अब्रुनुकसानीचा दावा लावून त्यांस आपलें नांव धुवून घ्यावें लागलें. ज्याचा पूर्वेतिहास डागाळलेला, त्यावर कोणींही पुन: चिखल उडवावा, हें त्यांस जन्मभर सोसावें लागलें.

बॉयल्स्टन गांवीं 'हिलसाइड' ह्या घरांत त्यांनीं मोठा ग्रंथसंग्रह केला. पुस्तकें बांधणाऱ्याला पुस्तकांचा सोस असावा हें ठीकच! प्रसिद्ध चित्रकार जॉर्ज क्रुकशँक हे त्यांचे मित्र. त्यांचीं चित्रें त्यांनीं आवडीनें जमविलीं होतीं. खांद्यावर हात ठेवणाऱ्या स्ट्रॅटनला ते कधीं विसरले नाहींत. त्यांच्या आत्मचरित्रांत त्या वाढप्याचें नांव मोठ्या कृतज्ञतेनें आलें आहे. साठी उलटल्यावरही भाषणांचा क्रम चालूच होता. ता. १५ फेब्रुवारी १८८६ रोजीं फिलाडेल्फियाजवळील एका चर्चांत तरुणांस उद्देशून बोलत असतां त्यांस पक्षाघाताचा झटका आला, व तीन दिवसांनीं त्यांचें देहावसान झालें. त्यांची कबर वुस्टर येथील स्मशानभूमींत आहे.