कौलानंतरचे भाऊसाहेब

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. खाणव्यवसायात त्यांनी संपत्ती मिळवली आणि गरजूंना सढळ हाताने मदतही केली. बहुजन समाजाने त्यांना भाऊसाहेब म्हटले, ते त्यामुळेच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि लगोलग त्याच्या भवितव्याचा वाद उभा राहिला. महाराष्ट्रात विलीन व्हावे, हा भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा आग्रह होता. गोव्याचे वेगळेपण राखावे, अशी जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाची भूमिका होती. डिसेंबर १९६३च्या निवडणुकीत विधानसभेच्या ३० जागांपैकी मगो पक्षाला १४ आणि युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. १९६५ साली विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही संमत केला.

मात्र, एवढा मोठा निर्णय आमदारांच्या बहुमतावर सोडू नये, लोकांनाच थेट विचारावे, ही विरोधकांची मागणी केंद्राने अखेर मान्य केली. सत्तेचा प्रभाव मतदानावर पडू नये म्हणून भाऊसाहेबांनी डिसेंबर १९६६मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीखाली कौल घेण्याची वाट मोकळी झाली. खुर्ची सोडून लोकांसमोर जाण्याचा हा निर्णय त्यांच्या राजकीय आयुष्यातील कसोटीचा क्षण होता.

प्रचार कमालीचा तापला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, तर केंद्रशासित प्रदेशाचे दोन पाने असे होते. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, तर ‘राष्ट्रमत’ हे दुसरे मराठी दैनिक त्याविरुद्ध उभे होते. मराठी वाचणारे सगळे एकाच मताचे होते, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी भाऊसाहेबांचे स्वप्न मोडले. ज्या मागणीवर त्यांचा पक्ष उभा राहिला होता, तीच लोकांनी नाकारली होती.

तरीही ते राजकारणातून बाजूला झाले नाहीत. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि मगो पक्षाने १६ जागा जिंकल्या. एप्रिलमध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. भवितव्याच्या प्रश्नावर त्यांना नकार देणाऱ्या गोव्याने कारभारासाठी मात्र त्यांनाच निवडले. ज्या वेगळ्या गोव्याला त्यांचा विरोध होता, त्याच गोव्याच्या गावोगावी शाळा पोहोचवण्याचे आणि कुळांना संरक्षण देण्याचे काम त्यांनी पुढे चालवले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला.

भाऊसाहेबांचे विलीनीकरणाचे मत आज अनेकांना पटणार नाही. पण मोठा वाद मतपेटीत सोडवता येतो आणि हरलेल्यालाही त्याच लोकांची सेवा करता येते, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते. भाषा आणि ओळखीचे वाद आजही अधूनमधून डोके वर काढतात, तेव्हा हा धडा आठवलेला बरा.