सर्पगंधेचा कस लावणारे वैद्य : डॉ. रुस्तुम जाल वकील

विद्यार्थिमित्रहो, आपलें हुपरी गांव चांदीच्या कारागिरीसाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. येथील मुलास शाळेचें तोंड पाहण्यापूर्वींच एक गोष्ट कळलेली असते, ती ही कीं, नुसत्या चकाकीवरून चांदीची किंमत ठरत नाहीं. तिचा कस पाहावा लागतो. तिला मुशींत तावावें लागतें, तराजूंत तोलावें लागतें. आणि मग जें उरेल तेंच खरें. विकणाऱ्याचा शब्द किंवा पेढीची जुनी ख्याति यांपैकीं कशानेंही मिसळीची चांदी शुद्ध होत नाहीं. हाच न्याय औषधांसही लागू आहे. आपल्या देशांत शतकानुशतकें चालत आलेल्या एका मुळीस हा न्याय ज्यांनीं लावला व तिचा खरेपणा जगाच्या नजरेस आणून दिला, त्या एका मुंबईकर डॉक्टरांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजीं मुंबईस एका पारशी कुटुंबांत झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठीं ते विलायतेस गेले व लंडन विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी संपादन करून मायदेशीं परतले. हृदयाचे विकार हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. परळ येथील किंग एड्वर्ड मेमोरियल रुग्णालय १९२६ सालीं सुरू झालें असून, गिरणगांवाच्या वस्तींत असल्यामुळें तें गोरगरिबांचा मोठा आधार ठरलें आहे. या रुग्णालयांत डॉ. वकील यांनीं हृद्रोगतज्ज्ञ म्हणून सेवा केली.

त्यांच्या कार्याचें महत्त्व समजण्यासाठीं रक्तदाब म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. हृदय प्रत्येक ठोक्यासरशीं रोहिण्यांत रक्त लोटतें. त्या रक्ताचा रोहिण्यांच्या भिंतींवर जो रेटा पडतो, त्यास रक्तदाब म्हणतात. तो दंडावर पट्टा बांधून मोजण्याचें साधन इटलींतील रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं पुढें आणलें. आणि पट्टा सैल होत असतांना रोहिणींतील आवाज ऐकून दोन आंकडे टिपण्याची रीति रशियन शस्त्रवैद्य कोरोत्कोव्ह यांनीं १९०५ सालीं दाखविली. वरचा आंकडा हृदय आकुंचन पावतें त्या वेळचा, व खालचा तें विसावा घेतें त्या वेळचा. हे आंकडे वर्षानुवर्षें चढलेले राहिले, तरी रोग्यास बहुधा कांहींच दुखत नाहीं. तो आपल्या उद्योगांत गढलेला असतो. आणि एके दिवशीं मेंदूंतील रोहिणी फुटून अर्धांगवायु होतो, किंवा हृदय थकतें, किंवा मूत्रपिंडें निकामी होतात. चोर घरांत शिरून बसला आहे आणि घरधन्यास मात्र त्याची चाहूल नाहीं, अशी ही अवस्था असते.

डॉ. वकील यांनीं व्यवसायास आरंभ केला, त्या काळीं या विकारावर भरंवशाचें औषध जवळजवळ नव्हतेंच. विश्रांति, अळणी आहार व झोंपेचीं औषधें एवढेंच वैद्याच्या हातीं असे. अमेरिकेंत कांहीं रोग्यांस केवळ भात व फळें यांवर ठेवीत. कांहींच्या पाठींतील मज्जातंतु शस्त्रक्रियेनें कापीत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब अतिशय वाढला आहे, हें त्यांच्या डॉक्टरांस ठाऊक होतें. परंतु तो उतरविण्याचें खात्रीचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन अध्यक्षांचें निधन झालें. ज्या पुरुषाच्या सेवेस साऱ्या राष्ट्राची संपत्ति व विद्या सिद्ध होती, त्याची जर ही गत, तर परळच्या गिरणींतील कामगाराची काय कथा!

याच काळीं आपल्या देशांत सर्पगंधा नांवाची एक वनस्पति वैद्यांच्या परिचयाची होती. हें लहानसें झुडुप हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत दमट रानांत उगवतें. त्याची मुळी सर्पदंशावर, तापावर, झोंप येण्यासाठीं व वेडावर देत असत; बिहारांत तर तिला वेड्यांचें औषध असेंच नांव पडलें होतें. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनीं सोळाव्या शतकांतील जर्मन वैद्य राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ तिच्या कुलास राउवोल्फिया हें नांव दिलें. १९३१ सालीं सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनीं दिल्लीस या मुळींतून अनेक द्रव्यें वेगळीं काढलीं, व त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ अजमलीन हें नांव ठेविलें. त्याच वर्षीं बंगाल्यांत गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या वैद्यांनीं उन्माद व रक्तदाब या दोन्ही विकारांवर मुळीचा गुण येतो असें प्रसिद्ध केलें. पुढें १९३३ सालीं कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं तिच्या गुणधर्मांची प्रयोगशाळेंत तपासणी केली.

एवढें होऊनही जगानें तिकडे लक्ष दिलें नाहीं. गुण येतो असें सांगणारे पुष्कळ होते. परंतु किती रोग्यांस दिलें, त्यांचा दाब आधीं किती होता, नंतर किती झाला, कितीजणांस कांहींच लाभ झाला नाहीं आणि कोणास त्रास झाला, याचा पुरता हिशेब परदेशांतील वैद्यांपुढें गेलेला नव्हता. रक्तदाबाच्या बाबतींत या हिशेबाची विशेषच गरज असते. कारण हा दाब दिवसाकाठीं अनेकदां चढतो उतरतो. रोगी निजला तरी उतरतो, व डॉक्टरांवर विश्वास बसला तरी उतरतो. अशा वेळीं औषधानें काय केलें व मनानें काय केलें, हें निवडणें सोपें नव्हे.

हें निवडण्याचें काम डॉ. वकील यांनीं अंगावर घेतलें. ज्यांच्या रक्तदाबाचें वेगळें कारण सांपडत नाहीं, अशा पन्नास रोग्यांस त्यांनीं सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या, वारंवार दाब मोजला व आंकडे टिपून ठेविले. बहुसंख्य रोग्यांचा वरचा व खालचा असे दोन्ही दाब उतरलेले आढळले. औषधाचा परिणाम सावकाश होई. या परीक्षेचा वृत्तांत १९४९ सालीं लंडनच्या ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याचीं पृष्ठें सहाच. पण त्या सहा पृष्ठांनीं सर्पगंधेस रानांतून जगाच्या औषधालयांत नेलें. आजच्या मापानें ही परीक्षा लहानच म्हणावी लागेल. परंतु श्रद्धेच्या जागीं मोजमाप ठेवण्याचें धैर्य तींत होतें. स्वदेशी म्हणून त्यांनीं मुळीची फाजील स्तुति केली नाहीं, आणि गांवठी म्हणून तिचा अव्हेरही केला नाहीं.

हा लेख अमेरिकेंत बोस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनांत आला. त्यांनीं हें औषध मागवून आपल्या रोग्यांवर त्याची परीक्षा केली, व १९५२ च्या सुमारास अनुकूल अनुभव प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें सिबा कंपनीच्या संशोधकांनीं या मुळींतील मुख्य द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें; त्यास रेसर्पिन म्हणतात. मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठलेलें नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हें द्रव्य तें रितें करितें. त्यामुळें रोहिण्या सैल होतात व हृदयाची गति मंदावते, असें पुढें कळून आलें. न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवर त्याचा उपयोग केला. ज्या मुळीस बिहारचे लोक वेड्यांचें औषध म्हणत, तिच्याच सत्त्वानें मनोविकारांच्या औषधोपचारांत नव्या युगाचा आरंभ होण्यास हातभार लागला.

यानंतरही एक मोठा प्रश्न उरलाच होता. दाब उतरला म्हणजे आंकडा उतरला. परंतु त्यानें रोग्याचे प्राण वांचतात काय? याचें उत्तर अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनीं डॉ. एड्वर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखालीं शोधिलें. खालचा दाब ११५ ते १२९ पर्यंत असलेल्या १४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें दोन गट केले. एकास तीन औषधें एकत्र दिलीं, व त्या तिहींत रेसर्पिन हें एक होतें. दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६७ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्या गटांत २७ जणांवर गंभीर संकट ओढवलें. औषध मिळालेल्या गटांत केवळ दोघांवर. रक्तदाबावर उपचार केल्यानें मनुष्य वांचतो, हें अशा रीतीनें सिद्ध झालें. आणि त्या सिद्धींत आपल्या रानांतील मुळीचाही वांटा होता. हें पाहण्याचें भाग्य डॉ. वकील यांस लाभलें.

त्यांचा गौरवही यथायोग्य झाला. १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक त्यांस इतर पांच संशोधकांसमवेत मिळालें. १९५८ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली, व १९६५ सालीं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकानें त्यांचा सन्मान झाला. रोगपरीक्षेवर त्यांनीं डॉ. गोलवाला यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथावर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या पोसल्या. १९७४ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.

येथवर वाचून कोणी उत्साहानें सर्पगंधेची मुळी शोधावयास निघेल, तर त्यास थांबविणें आमचें कर्तव्य आहे. ज्या परीक्षेनें या औषधाचे गुण दाखविले, तिनेंच पुढें त्याचे दोषही दाखविले. नाक चोंदणें, सुस्ती येणें, आणि मात्रा जास्त झाल्यास मन अत्यंत खिन्न होणें हे त्याचे उपद्रव आढळून आले. पुढें अधिक सौम्य व निर्धोक औषधें निघालीं, आणि रेसर्पिनचा वापर फारच कमी झाला. शिवाय मुळीसाठींच झाड उपटावें लागत असल्यामुळें रानांतील सर्पगंधा विरळ होत गेली. यांत डॉ. वकील यांचा पराभव नाहीं. जुनें नाणें व्यवहारांतून गेलें, तरी त्यावर ज्या तराजूनें पारख झाली तो तराजू टिकून आहे. आजचीं सर्व औषधें त्याच तराजूंत तोलून मग आपल्या हातीं येतात.

पालकांस दोन शब्द नम्रपणें सांगावयाचे आहेत. आपल्या गांवांत कित्येक हात दिवसभर एका जागीं बसून बारीक काम करितात. डोळ्यांची व पाठीची तक्रार होते, तेव्हां तरी मनुष्य दवाखान्याची वाट धरतो. रक्तदाब मात्र तक्रार करीत नाहीं. म्हणून ज्यांनीं वयाची तिशी ओलांडली आहे, त्यांनीं कांहीं दुखत नसतांनाही वर्षांतून एकदां तरी दाब मोजून घ्यावा. मोजण्यास पांच मिनिटें पुरतात. ज्यांस गोळ्या चालू आहेत, त्यांनीं बरें वाटतें म्हणून त्या आपल्या मनानें सोडूं नयेत. बरें वाटतें तें बहुधा त्या गोळ्यांमुळेंच. मीठ बेतानें खावें व तंबाखू वर्ज्य करावी.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस या चरित्रापासून एक गोष्ट घेतां येईल. वडीलधाऱ्यांकडून आलेलें ज्ञान हंसण्यावारीं नेऊं नका, आणि डोळे मिटून स्वीकारूंही नका. तें मुशींत घाला, तावा, तोला. आणि जो आंकडा येईल तो, आपल्या आवडीचा असो वा नसो, प्रामाणिकपणें लिहून ठेवा. घरीं आपले वडील चांदीचा कस पाहतांना हेंच करीत असतात. डॉ. वकील यांनीं तेंच केलें, म्हणून दूरदेशींच्या अनोळखी माणसांचे प्राण वांचण्यास त्यांचे परिश्रम कारणीभूत झाले.